अमिनोचा डबा की सोयावडी?

वजन उतरवायला घेतलं की भाकर कमी होते, वरण पातळ होतं आणि कोणीतरी हमखास सांगतं, ‘प्रोटीनच्या जागी अमिनो घे.’ मी दीड महिना अमिनो (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांची डब्यातली पावडर) घेतलं, पुढचा दीड महिना सोयावडी आणि अंडी.

बीसीएएचा, म्हणजे तीनच अमिनो आम्लं असलेल्या पावडरीचा, विचार मी आधीच सोडला होता. शरीराला बाहेरूनच लागणारी अमिनो आम्लं 9, त्यात ही 3. बाकीची 6 ताटातून आली नाहीत तर स्नायू कशावर टिकणार? जेवणातलं प्रोटीन कमी करून घ्यायचं तर नऊही असलेलं ईएए बरं. मी तेच आणलं.

त्याची बाजूही सांगतो. 10 ग्रॅमला 40च्या आसपास कॅलरी (डब्यावर शून्य छापलं असेल तर फार विश्वास ठेवू नका), शिजवणं नाही, पोटाला जड नाही. चव कडू, आणि आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात हलवलं की वर हा फेस! आई म्हणे, “हे काय फेसाचं पाणी पेऊन राह्यला बावा?”

फेसाची सवय झाली. भुकेची काही होईना. सकाळी सातला ग्लास रिचवून वावरात जायचं, डवरणीच्या दोन-चार तासांत फिरलं की दहाला पोट बोलायला लागायचं. चावलेलंच काही नसतं ना! त्यातून खत आणायला तालुक्याला जाणं झालं की बसस्टँडसमोर आलुबोंड्याची कढई. एक म्हणता म्हणता तीन व्हायचे. सकाळी वाचवलेल्या कॅलरी तिथं व्याजासकट फिटायच्या. अमिनोचा दोष किती आणि माझ्या जिभेचा किती, कोण जाणे. पण दीड महिन्यात पट्ट्याचं भोक काही सरकलं नाही.

सोयावडीचं गणित साधं. कोरड्या 40 ग्रॅममध्ये 20 ग्रॅम प्रोटीन, वर दोन उकडलेल्या अंड्यांचं 12. वडी गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायची, कांदा-ठेच्यावर परतायची. दुपारी एकपर्यंत भुकेची आठवण येत नाही. पहिल्या आठवड्यात गॅस होतो, खोटं कशाला बोलू, घरचे मला ओसरीत झोपवायला निघाले होते. आणि एक गंमत: सोयाबीन आपणच पिकवायचं, मग तेल काढून उरलेल्या पिठाची वडी दुकानातून विकत आणायची. तरी डब्याच्या मानानं स्वस्तच. पट्टा दोन भोकं आत गेला. डवरणी संपून कापणी लागली होती, त्याचाही हात असेल.

अंडं चालत नसेल, सोया सोसत नसेल तर ईएएला मी नाही म्हणणार नाही. किडनीचा त्रास असेल तर दोन्हींआधी डॉक्टरला विचारा.

माझा डबा अजून संपला नाही. एकादशीला साबुदाण्याच्या उसळीबरोबर एक स्कूप घेतो. ते उपवासाला चालतं की नाही, यावर आईचं आणि माझं जमलेलं नाही.