मुलगा कॅनडाला पोचण्याआधीच हातात आलेलं क्रेडिट कार्ड

फोंड्याहून मुलाला कॅनडाला धाडणारी मी काही पहिली आई नव्हे. आमच्याच वाड्यावरची तीन मुलं गेल्या काही वर्षांत गेली. आम्हाला कार्डाच्या नावाने फसवणारा एजंट उद्या चौथ्या घरी जाईल, म्हणून हे लिहायला बसले.

२०२४ च्या जुलैत मुलाचा व्हिसा आला. त्याआधीच २०,६३५ कॅनेडियन डॉलरची जीआयसी (तिथल्या राहण्याच्या खर्चासाठी कॅनडाच्या बँकेत आधीच ठेवायची ठेव) आणि कॉलेजची फी भरून आमचे हात रिकामे झाले होते. तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीतून पणजीच्या एका एजंटकडे गेलो. एजंट तरुण, बोलणं गोड, पहिल्या वाक्यापासून ‘काकी, काकी’. म्हणाला, “तिथं क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, नसेल तर खोली भाड्याने मिळताना अडतं, मोबाईलचा प्लॅन मिळताना अडतं. नव्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. आम्ही कार्ड इथूनच हातात देतो.”

अडतं, हे खरं होतं. दारात उभं करत नाही, हे धादांत खोटं.

मी विचारलं, इथं बसून तिथल्या बँकेचं कार्ड कसं मिळेल? त्याने माझ्या नवऱ्याचा सिबिल रिपोर्ट मागवला आणि वरचं नाव दाखवलं : ट्रान्सयुनियन सिबिल. “कॅनडातही ट्रान्सयुनियनच आहे, काकी. इथंही स्कोअर ३०० ते ९००, तिथंही ३०० ते ९००. बापाचा स्कोअर ७९० आहे, तो आम्ही मुलाच्या नावावर तिकडे लावतो.” नाव खरं, आकडेही खरे. माझा विश्वास बसला तो इथंच. बापाचा स्कोअर मुलाला लागत नाही, आणि इथला स्कोअर आपोआप तिथल्या फाईलमध्ये जाऊन बसत नाही. तिथं नव्या माणसाची फाईल कोरीच सुरू होते. एवढं मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

फी १५,००० रुपये, आणि ‘बँकेची सिक्युरिटी’ म्हणून ५०० डॉलरचे ३०,५०० रुपये. सगळे पैसे जीपेने, तेही कंपनीच्या नव्हे तर एका बाईच्या खात्यावर. पावतीवर फक्त ‘कन्सल्टन्सी’ लिहिलं होतं. पासपोर्ट, पॅन, कॉलेजचं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स त्याने ठेवून घेतल्या.

आठवड्याने पाकीट आलं. आत चकचकीत कार्ड. नावाच्या जागी मुलाचं नाव नव्हतं, इंग्रजीत ‘व्हॅल्यूड कस्टमर’ छापलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, नाव नंतर चढतं.

ऑगस्टअखेर मुलगा टोरांटोला उतरला. कार्ड चाललं! कॉफी, बसचे पैसे, थोडं वाणसामान. चवथीच्या दिवशी गणपतीवरच्या माटोळीखाली उभं राहून मी नणंदेला कौतुकाने सांगितलं. तीनच दिवसांनी कार्ड बंद पडलं. एजंटचा व्हॉट्सॲप आला, ‘लिमिट वाढवायला सिन नंबर पाठव.’ सिन म्हणजे नोकरी-करासाठी कॅनडा सरकार देतं तो ओळख नंबर. पोराने पाठवला.

ऑक्टोबरात तो बँकेच्या शाखेत गेला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : हे गिफ्ट कार्ड आहे, पुन्हा पैसे भरता येत नाहीत. पन्नासेक डॉलर भरलेलं असावं, ते संपलं. असल्या प्रीपेड कार्डाने क्रेडिट हिस्ट्री तयारच होत नाही. त्याच मुलीने पासपोर्ट आणि स्टडी परमिट पाहून त्याला सिक्युअर्ड कार्डाचा अर्ज दिला. ५०० डॉलरची ठेव थेट बँकेत, लिमिट तेवढंच, वापर नीट राहिला तर ठेव परत. आम्हाला जे ‘दारात उभं करत नाहीत’ म्हणून विकलं, ते असं समोर मिळत होतं. क्रेडिट कार्डासाठी सिन देणं कायद्याने बंधनकारकही नाही.

डिसेंबरात वसुलीवाल्याचा फोन आला. मुलाच्या नावावर दुसऱ्या शहरात दोन महागडे फोन घेतलेले, बिल थकलेलं. ४५,५०० रुपयांचं दुःख मी गिळलं असतं. पण परक्या देशात माझ्या पोराच्या कोऱ्या फाईलवर पहिली ओळ थकबाकीची पडली, ते मला अजून झोपू देत नाही.

पणजीच्या ऑफिसला तोवर कुलूप लागलं होतं. १९३० ला, म्हणजे आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला. तक्रार घेतली, पण पैसे जाऊन चार महिने झाले होते. तो नंबर पहिल्या तासांत लावला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते. तिकडे मुलाने पोलिसांत आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार केली, तिथल्या क्रेडिट फाईल ठेवणाऱ्या इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन्ही कंपन्यांकडे फ्रॉड अलर्ट लावला. दोन्हीकडे लावायला लागतो, एकाने दुसऱ्याला कळेलच असं धरू नका.

तुमचं मूल जाणार असेल तर जीआयसी ज्या बँकेत आहे तिथंच आधी कार्डाचं विचारायला सांगा. सिन सर्व्हिस कॅनडात फुकट मिळतो; ९ ने सुरू होणारा तो नंबर नोकरी देणाऱ्याला आणि बँकेला सोडून सहसा कुणाला देऊ नये, आणि व्हॉट्सॲपवर तर कुणालाच नाही. कुणी आधीच दिला असेल तर आज रात्रीच मुलाला फोन करून फाईल मागवायला सांगा, ती मागवायला पैसे पडत नाहीत.

आमच्या दोनपैकी एका फाईलवरची ती नोंद मार्चमध्ये निघाली. दुसरीसाठी मुलाने पोलीस तक्रारीची प्रत पुन्हा पाठवली आहे.