रेक्टमच्या कॅन्सरच्या ट्रायल शोधायच्या असतील तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह : ५ पैकी ४ स्टार

आमच्या घरात रेक्टमच्या (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) कॅन्सरचं निदान झालं, तिसरी स्टेज, म्हणजे आजूबाजूच्या लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) गेलेला पण लिव्हर-फुप्फुसात नाही, तेव्हापासून ही साईट माझ्या मोबाईलवर कायम उघडी असते. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची आहे, २००० पासून चालू, फुकट, लॉगिनची भानगड नाही आणि जगभरातल्या ट्रायल, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणारे अभ्यास, एका जागी सापडतात.

सर्च मारला की ढीगभर निघतात, घाबरू नका, आधी ‘रिक्रूटिंग’चा फिल्टर लावा. ‘अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे ट्रायल चालू आहे पण नवीन पेशंट घेत नाहीयेत. मग सरळ एलिजिबिलिटीवर, म्हणजे कुणाला घेतात त्या अटींवर, जा. गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे, एमआरआयमध्ये टी ३ की टी ४ (गाठ किती खोल गेलीय), आधी काही ट्रीटमेंट झालीय का, सगळं तिथे असतं. आणि हे नीट ऐका, ऑपरेशनआधीच्या उपचारांच्या बऱ्याच ट्रायलमध्ये आधी केमो किंवा रेडिएशन झालेलं चालत नाही, त्यामुळे शोधायचं ते पहिली सलाईन लागायच्या आधी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, एका औषधाने सगळ्यांचा कॅन्सर गेला म्हणून, ती डोस्टारलिमॅबची ट्रायल. एनसीटी०४१६५७७२ हा तिचा साईटवरचा नोंदणी नंबर, तो टाकून बघा. २०२२ मध्ये पहिल्या १२ पेशंटचे रिझल्ट आले, बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली, केमो नाही, रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही. खरं आहे ते! पण ती फक्त एमएमआर डेफिशियंट गाठींसाठी, म्हणजे ज्यांच्या पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलीय अशा, आणि रेक्टमच्या कॅन्सरमध्ये त्या साधारण ५ ते १० टक्केच असतात. फॉरवर्ड करणारे नेमकं हेच गाळतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. बायोप्सीवर एमएमआर टेस्ट झालीय का, एवढं डॉक्टरांना विचाराच.

दुसरं म्हणजे प्रायमरी आउटकम वाचा, ट्रायल नक्की काय मोजतेय ते कळतं. रॅपिडो ट्रायलमध्ये थोड्या दिवसांचं रेडिएशन, मग केमो, मग ऑपरेशन असा क्रम होता, तीन वर्षांनी आजार हाताबाहेर जाण्याचं प्रमाण २३.७ टक्के, जुन्या पद्धतीत ३०.४. सगळे खूश. पाच वर्षांनी पाहिलं तर त्याच जागी कॅन्सर परत यायचं प्रमाण नव्या पद्धतीत जास्त, साधारण १० विरुद्ध ६ टक्के. म्हणून नुसत्या पहिल्या बातमीवर जाऊ नका, पुढचा फॉलोअप शोधा. प्रॉस्पेक्ट ट्रायलचंही तसंच, २०२३ मध्ये आलं की काही जणांना रेडिएशन टाळता येतं, पण टी ४ वाले त्यात नव्हतेच. आणि ओप्रा ट्रायल, ज्यात ऑपरेशन न करता लक्ष ठेवून जवळपास निम्म्या पेशंटचं रेक्टम वाचलं, ती तर पोटावरच्या शौचाच्या कायमच्या पिशवीच्या धास्तीने ज्यांची झोप उडालीय त्या प्रत्येकाने वाचावी, फक्त त्यात वारंवार स्कोपी आणि एमआरआय करत राहावं लागतं हे धरून चाला.

एक स्टार कापला तो भाषेसाठी, माहिती इंग्रजीत आणि बरीचशी डॉक्टरी शब्दांत आहे, घरातल्या मोठ्यांना कुणीतरी शेजारी बसून समजावावी लागते. शिवाय ट्रायल तिथे दिसते म्हणजे ती सरकारने तपासून पास केलीय असं नाही, हे साईटवरच लिहिलेलं आहे. एनसीटी नंबर लिहून घ्या आणि बायोप्सी, एमआरआयच्या रिपोर्टसोबत ऑन्कॉलॉजिस्टपुढे ठेवा, आमच्या डॉक्टरांनी नंबर बघून लगेच सांगितलं कुठली आपल्याला लागू आहे आणि कुठली नाही.