ए.सी.ई., अबेका, सॉनलाइट की क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स? आधी जन्मदाखला बघा

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने यंदा मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. ती मूळची नगरची, चर्चमध्ये वाढलेली. ख्रिस्ती अभ्यासक्रमच हवा हे पक्कं होतं, कोणता ते ठरेना. तिच्यासाठी चार नावं चाळली तेव्हा कळलं की किमती आणि नमुना पानं नंतर बघावीत. हा अभ्यासक्रम मुळात कोणाच्या अडचणीतून निघाला, ते आधी बघावं. घरात आईबापांच्या वाट्याला काय येणार, हे त्यावरूनच कळतं.

१९६२ आणि १९६३ च्या निकालांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली शाळेने घेतलेली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केलं. त्यानंतरच्या वर्षांत चर्चच्या स्वतःच्या शाळा भराभर निघाल्या. पण छोट्या चर्चकडे जागा असली तरी प्रशिक्षित शिक्षक कुठून येणार? ही नड ओळखून डोनाल्ड आणि एस्थर हॉवर्ड यांनी १९७० मध्ये टेक्सासातच ‘अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ म्हणजेच ए.सी.ई. सुरू केलं. पाठ्यपुस्तकाऐवजी ‘पेस’ नावाच्या पातळ पुस्तिका, एका विषयाच्या वर्षाला बारा. शाळेत प्रत्येक मुलाला आडोसा केलेलं टेबल. अडलं तर छोटा झेंडा उभा करायचा. मूल स्वतः वाचतं, गाळलेल्या जागा भरतं, उठून दुसऱ्या टेबलावरच्या उत्तरपुस्तिकेशी ताडून आपणच चुका खुणावतं. शेवटची चाचणी पुस्तिकेच्या मधोमधच असते, ती आधीच काढून ठेवावी लागते. ऐंशी टक्के मिळाले की पुढची पुस्तिका.

शिक्षक नसतानाही चालावं म्हणून केलेली ही योजना घरात सहज बसते. नोकरी सांभाळून शिकवणाऱ्यांना, किंवा वेगवेगळ्या इयत्तांची तीन-चार मुलं असलेल्यांना हिचाच आधार वाटतो. माझी तक्रार वेगळी आहे. गाळलेली जागा भरता आली म्हणजे विषय कळला असं नव्हे, आणि वाद घालायला समोर कुणी नसतं. जीवशास्त्राच्या एका पुस्तिकेत उत्क्रांतीविरुद्धचा दाखला म्हणून स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातला राक्षस आला होता, त्यावरून बरंच हसू झालं. पुस्तिकांमधल्या चित्रपट्ट्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या दाखवल्या, त्यावर झालेली टीका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुस्तिका घेतल्याच, तर मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः वाचा.

अबेका आला वर्गातून. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे आर्लिन आणि रिबेका हॉर्टन यांनी १९५४ मध्ये शाळा काढली आणि १९७२ पासून स्वतःची पुस्तकं. नाव रिबेकाबाईंवरूनच पडलं. फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून वाचायला शिकणं, पक्कं; वळणदार जोडलिपी लहानपणीच, उजळणी रोजची. व्हिडिओचे धडेही मिळतात, पण दिवस शाळेसारखाच भरगच्च. शाळा आवडते, फक्त तिथलं वातावरण नको, अशांसाठी हा ठीक. शाळेचाच कंटाळा आला असेल तर घरी पुन्हा शाळाच येईल.

सॉनलाइट १९९० मध्ये कोलोरॅडोत निघाला तो परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी. त्यामुळे त्याचा जीव गोष्टींच्या पुस्तकांत: कादंबऱ्या, चरित्रं, देशोदेशीच्या कथा, आणि पालकासाठी रोज काय वाचायचं याची मार्गदर्शिका. धर्मनिरपेक्ष प्रकाशकांची पुस्तकंही त्यात भरपूर. पण मोठ्याने वाचून दाखवायचं ते तुम्हालाच. संध्याकाळपर्यंत घसा बसतो, आणि पेट्या भरून पुस्तकं घ्यायची म्हणजे खिशालाही चाट.

क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स ली बॉर्टिन्स यांनी १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात अकरा मुलांना घेऊन सुरू केलं. पाया डोरोथी सेयर्स या इंग्लिश लेखिकेच्या १९४७ च्या व्याख्यानाचा: लहानपणी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व. आठवड्यातून एक दिवस आसपासची घरं एकत्र जमतात, बाकीचे दिवस घरी. मुलं इतिहासातल्या १६१ घटना आणि व्यक्ती एका लांबलचक गाण्यात ओळीने म्हणतात, पाढेसुद्धा पंधरापर्यंत गाऊनच. बहिणीला हे ऐकवलं तर म्हणाली, “मग आपल्या शाळेत काय वेगळं होतं?” वेगळं हे, की इथे आईही मुलासोबत वर्गात बसते आणि गटातलीच एखादी शिकवते. नव्या देशात एकट्या पडलेल्या घराला हा शेजार अभ्यासाइतकाच मोलाचा ठरतो. गट चालवणाऱ्याला मात्र त्यांच्या श्रद्धापत्रकाला, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या लेखी निवेदनाला, मान्यता द्यावी लागते. ख्रिस्ती नसलेल्या घराने हे आधीच समजून घ्यावं.

बहिणीने शेवटी एकच अभ्यासक्रम धरला नाही. थोरल्याला गणिताच्या पेस पुस्तिका, कारण त्याला कुणी पाठीशी उभं राहिलेलं चालत नाही. इतिहासाला सॉनलाइटची पुस्तकं, रात्रीच्या जेवणानंतर, आणि तीही नवऱ्याने वाचून दाखवायची.