बॅटरी बसल्यावर डॅशबोर्डवर राहिलेले दिवे: सर्विस सेंटर की स्वतःचा स्कॅनर?

डिसेंबर संपत आला की ग्वाल्हेरात सकाळी सकाळी बॅटऱ्या बसायला लागतात. खरं तर त्यांचा जीव मे-जूनच्या उन्हातच गेलेला असतो, थंडीत फक्त ते कळतं. शेजारच्या गाडीवरून केबल लावून इंजिन चालू होतं पण मग एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग, ट्रॅक्शन (चाकं घसरू न देणारी यंत्रणा), चेक इंजिन सगळे दिवे एकदम लागलेले, आणि माणूस घाबरतो. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं पडतं की एकेक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, आपापला बिघाडाचा कोड नोंदवून ठेवतं. म्हणून आधी इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा, आणि ब्रेक नीट लागताहेत ना ते बघून मोकळ्या रस्त्यावर हळू एक चक्कर मारा, बऱ्याच गाड्यांत अर्धे दिवे तेवढ्यानेच जातात.

उरलेल्या दिव्यांसाठी प्रश्न हा, सर्विस सेंटरला जायचं की स्वतःचा स्कॅनर, म्हणजे गाडीतले कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, लावायचा?

सर्विस सेंटरचं मशीन भारी असतं यात वादच नाही, एबीएस, एअरबॅग, बॉडी सगळं वाचतं, काही सेटिंग परत शिकवायची असेल तर तेही तिथेच होतं. दिवसभर गाडी अडकते, तेही मी चालवून घेतलं असतं. मला खटकलं ते वेगळंच. गाडी घ्यायला गेलो तर "लाइट क्लियर कर दी सर", आणि कोड कोणता होता विचारलं तर "लो व्होल्टेज का कुछ था". जॉबकार्डवर नुसतं स्कॅन केलं एवढंच. कोड पुसला की इंजिनच्या कोडसोबत साठवलेली माहितीही जाते, म्हणजे तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, आणि मग पुढच्या आठवड्यात दिवा परत लागला तर हा जुनाच आहे की नवा हे सांगणार कोण? परत पहिल्यापासून सुरुवात, आणि या खेपेला एखादा सेन्सर बदलायचा सल्ला. माझं मन तिथेच उडालं.

स्वतःचा ब्लूटूथ स्कॅनर स्टीअरिंगखालच्या पोर्टला लावला की मी आधी स्क्रीनशॉट घेतो, मग कोड पुसतो, मग दोन-चार दिवस बघतो कोणता परत येतो. पी०५६२, म्हणजे सिस्टम व्होल्टेज कमी, एवढाच असेल आणि परत आला नाही तर विषय संपला. परत आला तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि बॅटरीची टर्मिनलं बघायची. इंजिन चालू असताना ॲपमध्ये साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत, नवीन गाड्यांत थोडं खालीवर होतं ते चालतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर छान, १२ च्या खाली असेल तर दिव्यांच्या मागे लागूच नका, आधी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणी, करून घ्या. त्या कामात त्याच्याइतका चांगला दुसरा कोणी नाही असं माझं मत.

स्कॅनरला मर्यादा आहेतच. स्वस्तातले बहुतेक फक्त पी ने सुरू होणारे, म्हणजे इंजिनचे कोड वाचतात, एबीएसचे सी वाले दिसतच नाहीत, म्हणून घेण्याआधी आपल्या मॉडेलचं एबीएस वाचतो का ते नक्की विचारा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला बहुधा जुळत नाही. आणि रात्रभर पोर्टमध्ये ठेवू नका हो, तो थोडा थोडा करंट ओढतच राहतो, आधीच दमलेल्या बॅटरीला तेवढंही पुष्कळ होतं.

ज्यांना यात पडायचंच नाही, किंवा गाडी वॉरंटीत आहे, त्यांनी सर्विस सेंटरला जावं, त्यात काही वाईट नाही. एअरबॅगचा दिवा राहिला असेल तर मीही तिथेच जातो, तो घरी पुसायचा नाही आणि त्याच्या वायरींना हात लावायचा नाही. फक्त गाडी सोडताना सांगून ठेवा की पुसण्याआधी कोडची प्रिंट द्या, आणि ते जॉबकार्डवर लिहून घ्या.