फ्लायबार की फ्लायबारलेस : लहान हेलिकॉप्टरचा रोटर जुळवण्याच्या दृष्टीने तुलना

रिमोटवर उडणारे ४५० वर्गाचे, म्हणजे साधारण ३२५ मिलिमीटर लांबीच्या पात्यांचे हेलिकॉप्टर घ्यायचे ठरले की रोटर हेड, म्हणजे पाती ज्यावर बसतात तो मधला भाग, कोणते घ्यावे, हा प्रश्न येतोच. वापरलेल्या मॉडेलमध्ये रोटरला स्थिर ठेवणाऱ्या आडव्या दांडीचे, म्हणजे फ्लायबारचे हेड अजून मिळते. नव्या मॉडेलमध्ये बहुतेक ठिकाणी त्या दांडीचे काम तीन अक्षांचा इलेक्ट्रॉनिक गायरो, म्हणजे हेलिकॉप्टरचे झुकणे-वळणे ओळखून ते सावरणारे उपकरण, करतो; असे हेड ते फ्लायबारलेस. उडवताना पडणारा फरक लवकर लक्षात येतो, पण मालकाचा बराचसा वेळ रोटर जुळवण्यात जातो आणि माझ्या मते निवडही त्याच कसोटीवर करावी.

गायरो असला की यांत्रिक जुळवणी टळते, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. मिनिटाला २५०० फेरे घेणाऱ्या रोटरमध्ये दोन पात्यांच्या वजनात एका ग्रॅमचा जरी फरक राहिला, तरी मुख्य शाफ्टवर सुमारे सव्वा किलोची ओढ सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा दिशा बदलत राहते. म्हणून दोन्ही पात्यांचा गुरुत्वमध्य आधी सारख्या अंतरावर आणावा, मग हलक्या पात्यावर त्याच जागी चिकटपट्टी लावून वजन सारखे करावे. लाकडी पाती असतील, तर पावसाळ्यानंतर हे काम पुन्हा करावे, कारण लाकूड ओल धरते. त्यानंतरचे काम ट्रॅकिंगचे, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतील असे करण्याचे. एका पात्याच्या टोकाला रंगीत पट्टी लावून, काही मीटर दूर थांबून, रोटर साधारण डोळ्यांच्या पातळीत असताना पाहिले, की कोणते पाते वरून फिरते ते स्पष्ट दिसते. त्या पात्याची बॉल लिंक, म्हणजे ते वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाची आट्यांची जोडणी, फिरवून पिच, म्हणजे पात्याचा तिरपा कोन, कमी करावा. दोन मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यावर एक फेरा म्हणजे ०.४ मिलिमीटर, त्यामुळे फरक चटकन पडतो. रोटर फिरत असताना मात्र जवळ जाऊ नये, कारण या वेगाला पात्याचे टोक ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते.

इथपर्यंत दोन्ही हेड सारखीच आहेत. फ्लायबारच्या हेडमध्ये यापुढचे सगळे काम हाताने करण्याचे आणि डोळ्यांना दिसणारे आहे. आर्थर यंग यांनी बेलच्या हेलिकॉप्टरसाठी वापरलेली वजनदार स्थिरक दांडी आणि स्टॅन्ले हिलर यांच्या हेलिकॉप्टरमधील पॅडल, म्हणजे दांडीच्या टोकांवरची छोटी पाती, या दोन्ही कल्पना येथे एकत्र आल्या आहेत : रिमोटच्या स्टिकची आज्ञा काही अंशी थेट पात्यांना आणि काही अंशी पॅडलच्या मार्गाने मिळते. दोन्ही पॅडल मध्यापासून सारख्या अंतरावर, एकमेकांना समांतर आणि स्वॉशप्लेट (स्टिकची आज्ञा पात्यांपर्यंत नेणारी, मुख्य शाफ्टभोवतीची झुकणारी तबकडी) सपाट असताना शून्य कोनात असली पाहिजेत. जड किंवा बाहेर सरकवलेली पॅडल हेलिकॉप्टरला शांत करतात, तर हलकी किंवा आत घेतलेली पॅडल चपळ करतात. काय बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे इथे एकेक करून कळते, आणि रोटर समजून घेण्याची ज्याला खरी ओढ आहे त्याच्यासाठी हा फार मोठा लाभ आहे. तोटाही तितकाच खरा आहे : आपटल्यावर दांडी, पॅडल आणि आज्ञा वाटून देणारे मिक्सिंगचे दांडे असे सगळेच पुन्हा तपासावे लागते.

फ्लायबारलेस हेडमध्ये भाग कमी असतात, पॅडलचा अवरोध नसल्याने बॅटरी थोडी अधिक पुरते आणि वाऱ्यात हेलिकॉप्टर अधिक ठाम राहते. पण पात्यांचा भार थेट सर्व्होंवर, म्हणजे स्वॉशप्लेट हलवणाऱ्या छोट्या मोटरींवर, येतो, त्यामुळे सर्व्हो जलद आणि मध्यावर अचूक परतणारे हवेत. जुन्या हेडचे स्वस्त सर्व्हो येथे चालवून घेऊ नयेत. स्वॉशप्लेट सपाट, सर्व्होचे हात लिंकशी काटकोनात आणि स्टिक मध्यावर असताना पिच शून्य, एवढे जमल्यावरच गायरोची सेटिंग सुरू करावी. मॉडेल हातात धरून नाक खाली झुकवले, तर स्वॉशप्लेट मागे झुकली पाहिजे. ती पुढे झुकली, तर हेलिकॉप्टर जमीन सोडतानाच उलटेल. त्यानंतर गेन, म्हणजे गायरो किती जोराने सावरतो त्याचे प्रमाण. तो फार वाढला की हेलिकॉप्टर बारीक आणि जलद थरथरते, कमी पडला की वेगात नाक आपोआप उचलले जाते.

खरी अडचण येथेच आहे. फेदरिंग शाफ्ट, म्हणजे पाती ज्याभोवती वळून पिच बदलतात तो आडवा दांडा, वाकला की त्यामुळे येणारी कंपने गायरोपर्यंत पोहोचतात, तो त्यांनाच उत्तर देऊ लागतो, आणि नवा माणूस दिवसभर गेन कमी-जास्त करत बसतो. तो शाफ्ट काढून काचेच्या तुकड्यावर लोळवला, की मधून उजेडाची फट उघडमीट होताना दिसते आणि दोष कुठे आहे हे तेव्हाच कळते. फ्लायबारच्या हेडमध्येही हाच शाफ्ट वाकतो, पण त्याचे लक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या आड लपत नाही.

म्हणून नवे मॉडेल घेणाऱ्याने, विशेषतः उडवणे हाच हेतू असेल तर, फ्लायबारलेस घ्यावे आणि गायरोइतकाच खर्च सर्व्होंवर करण्याची तयारी ठेवावी. आधीपासून फ्लायबारचे नीट चालणारे हेड हाताशी असेल, तर केवळ ते जुने झाले म्हणून बदलू नये. जुने हेड विकत घेत असाल, तर पॅडलची दांडी सरळ आहे का, फेदरिंग शाफ्टला आधार देणाऱ्या डॅम्परचे रबर कडक झाले आहे का आणि बॉल लिंकमध्ये ढिलाई आहे का, एवढे सगळे, पैसे देण्यापूर्वी, हाताने पाहून घ्यावे.