बटरफ्लाय बार्ब सांगून दुसरेच मासे पाठवले, पैसे टाकायच्या आधी वाचा

मोठं झालंय पण पूर्ण वाचा, कारण माझे साडेआठ हजार गेले आणि तोच फोटो लावून दुसऱ्या नंबरवरून अजून विक्री चालू आहे.

काँगोचे बटरफ्लाय बार्ब मला कित्येक वर्षं हवे होते. शास्त्रीय नाव एन्टेरोमियस हुलस्टार्टी, जुन्या पुस्तकांत बार्बस म्हणून दिलेला असतो. जेमतेम तीन सेंटीमीटरचा मासा, अंगावर तीन ठसठशीत काळे ठिपके, नराच्या फिन्स पिवळ्या आणि त्यांना काळी किनार. जंगलातल्या सावलीच्या पाण्यातला, त्यामुळे मऊ, आम्लधर्मी आणि थंडसर पाणी लागतं. आपल्याकडे फार क्वचित येतो, येतो तोही बहुतेक तिकडे नैसर्गिक पाण्यात पकडलेलाच, म्हणून महाग.

परराज्यातल्या एका विक्रेत्याने फोटो पाठवला, 850 ला एक, दहा घेतले तरच देणार, सगळे पैसे आधी. मी टाकले. इकडे दोन महिने आधीपासून टँक तयार करत होतो, आरओचं पाणी, देशी बदामाची वाळलेली पानं, स्पाँज फिल्टर, लाइट एकदम मंद.

पहाटे बसवरून थर्माकोलचा बॉक्स आणला. दोन मेलेले, आठ फिकट, काचेसारखे. ठिपके अस्पष्ट होते. फोन केला तर म्हणाला दादा प्रवासाचा स्ट्रेस आहे, पिल्लं आहेत, दोन महिने थांबा, रंग बघा कसा येतो. मला ते पटलं, कारण प्रवासानंतर मासे फिकट पडतात हे खरंच आहे, आणि इथेच सगळी मेख आहे, ते दोन महिने त्याने स्वतःसाठी मागून घेतले होते.

रोज सकाळी आर्टेमिया (माशांचं बारीक खाद्य) घालायचो आणि काचेला नाक लावून बघत बसायचो. रंग आला, पण दुसराच. अंग सोनेरी, काळे डाग वेडेवाकडे, शेपटीच्या अलीकडे एक काळा पट्टा. फिन्सना काळी किनार एकाच्याही नाही. आमच्या इथले एक जुने दुकानदार काका घरी आले, टॉर्च मारला आणि म्हणाले, अरे हे जेलियस आहेत, आपले बंगाल-आसामकडचे. पेथिया जेलियस, गोल्डन ड्वार्फ बार्ब, काकांच्या दुकानात 40 रुपयाला एक.

विक्रेत्याला बाजूने काढलेले फोटो पाठवले. आधी सप्लायरची चूक म्हणाला, मग बदली पाठवतो म्हणाला, मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून नाहीत.

आफ्रिकन बार्ब कुणी देतो म्हणाला तर नुसत्या फोटोवर जाऊ नका, फोटो कुणाचाही उचलता येतो. त्याच्याच टँकचा व्हिडिओ मागा, काचेवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावून, मासा बाजूने दिसला पाहिजे. पिल्लं आहेत म्हणून रंग नाही असं म्हणाला तर मोठा नर दाखव म्हणा. नसेल तर सोडून द्या. आणि पार्सल उघडताना पिशवी फोडायच्या आधीपासून सलग व्हिडिओ काढा, माझ्याकडे तोच नव्हता, आणि हे मासे मी पाठवलेलेच नाहीत असं तो शेवटी म्हणाला तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

मासे चांगले आहेत, आठही जिवंत आहेत, त्यांना ठेवणारच आहे, त्यांचा काय दोष. पण तुमच्यापैकी कुणाला सध्या बटरफ्लाय बार्बची ऑफर आली असेल तर पैसे टाकायच्या आधी फोटो मला दाखवा, तो फोटो मी लगेच ओळखेन.