रॅप्टर्स की रॅप्टर्स ९०५?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून मुलांकडे टोरोंटोला निघालेले काका-काकू हल्ली विचारतात, "तिथं बास्केटबॉल बघावं म्हणतो, कुठं जाऊ?" पर्याय दोन.

पहिला थाटाचा. एनबीए म्हणजे तिकडची सर्वोच्च बास्केटबॉल लीग; तिचे २०१९ चे विजेते टोरोंटो रॅप्टर्स स्कोशियाबँक अरेनात खेळतात. युनियन स्टेशनला लागूनच आहे, त्यामुळे बर्फातून फार चालावं लागत नाही. जवळपास २० हजार प्रेक्षक, कानठळ्या बसवणारा आवाज, जगातले सर्वोत्तम खेळाडू. पण परवडणारं तिकीट बहुधा वरच्या मजल्याचं, आणि तिथून नजर खेळाडूंपेक्षा मोठ्या पडद्यावरच जास्त जाते. मग घरच्या टीव्हीनं काय घोडं मारलं होतं?

दुसरा टोरोंटोलगतच्या मिसिसागाचा. रॅप्टर्स ९०५ हा रॅप्टर्सचाच जी लीगमधला, म्हणजे एनबीएसाठी खेळाडू घडवणाऱ्या लीगमधला संघ, तिथल्या टेलिफोन कोडवरून नाव पडलेला. मैदान छोटं, तिकीट बरंच स्वस्त, कोर्ट हाताच्या अंतरावर. आपल्या मोतीबाग मैदानावर रणजी सामना बघताना खेळाडूंची आपापसातली बोलणी ऐकू यायची, तसंच इथं. बुटांची करकर, प्रशिक्षकाची ओरड, सगळं. आणि खेळ काही लुटुपुटूचा नसतो. पास्कल सियाकम २०१७ मध्ये ९०५ कडून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दोन वर्षांनी रॅप्टर्सच्या विजेत्या संघात होता.

मुक्काम ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे असेल तर मी ९०५ च सांगतो. नातवाला जर्सीवरचं प्रसिद्ध नावच बघायचं असेल, तर मात्र खिसा सैल करा. थेपल्यांचा डबा दोन्हीकडे घरीच ठेवायचा.